मे अखेरची कात्रज–सिंहगड धार : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी डोंगर चढायचा, धार धरून पश्चिमेकडे चालत राहायचं आणि सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरायचं. वाट एवढीच. अंतर साधारण १४ ते १६ किलोमीटर आणि मध्ये तेरा टेकड्या. मोजणाऱ्यागणिक हा आकडा बारा ते सोळा होतो, कारण कुठल्या टेपाडाला टेकडी म्हणायचं यावर एकमत नाही. पुण्यात या वाटेला सगळे ‘के टू एस’ म्हणतात.

बरेच जण ही चाल पावसाळ्यात किंवा चांदण्या रात्री करतात. मे अखेरीला दिवसा जायचं म्हटलं की घरचे वेड्यात काढतात. पण या दिवसांत गवत वाळून बसलेलं असतं, वाट लांबून स्पष्ट दिसते, चिखल नसतो, धुकं नसतं, करवंदं पिकलेली असतात आणि पहाटे वर गार वारा असतो. अट एकच, घड्याळ सांभाळायचं. अकरानंतर या धारेवर ऊन सोसवत नाही आणि दुपारी तीननंतर वळवाचा भरवसा नाही. म्हणून पुढचं सगळं नियोजन अकराच्या आत डांबरी रस्त्याला लागण्याभोवती बांधलेलं आहे.

आधी स्वतःला तपासा

सिंहगडाची उंची १,३१२ मीटर. आतकरवाडीच्या बाजूने पायवाटेने गड दीड तासात चढता येतो का, आणि उतरून आल्यावर मांड्या थरथरत नाहीत ना, हे दोन-तीन रविवार सलग बघा. दोन्ही जमत असेल तर धारेला जा. चढ जमतो पण उतारावर गुडघे बोलतात, असं असेल तर आणखी महिनाभर थांबा. धारेवरच्या सगळ्या चढांची बेरीज सिंहगडच्या एका चढाईपेक्षा जास्त भरते, आणि जेवढं चढता त्यातलं बरंचसं लगेच उतरून घालवता. दमसास चांगला असलेले लोकही सातव्या-आठव्या टेकडीनंतर गुडघ्यांमुळे बसतात. पर्वतीच्या पायऱ्या सावकाश, गुडघा किंचित वाकवून उतरण्याचा सराव पायऱ्या पळत चढण्यापेक्षा इथे जास्त कामाला येतो.

जायचे दिवस म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा, मान्सून येईपर्यंत. पुण्यात तो साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, पण कॅलेंडरवर विसंबू नका. २०२५ साली तो २६ मेलाच येऊन टेकला होता. आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज पाहा आणि फोनवर ‘दामिनी’ अ‍ॅप घेऊन ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलेलं हे अ‍ॅप आसपास वीज पडत असेल तर इशारा देतं. लागोपाठ दोन-तीन दिवस दुपारी गडगडाट होत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही होणार असं धरूनच निघा. वणव्याच्या दिवसांत वनखातं वाट बंद करू शकतं, तेव्हा तीही चौकशी आदल्या दिवशीच करा.

चार ते सहा जण बरे. दोघंच असाल तर एकाचा पाय मुरगळल्यावर मदत आणायला जाणारा आणि जखमीजवळ थांबणारा, दोन्ही पुरे पडत नाहीत.

पाणी

या धारेवर मे महिन्यात पाणी नाही. टाकं नाही, झरा नाही, टपरी नाही. जे पाठीवर आहे तेच. माणशी साडेचार लिटर घ्या. हिशोब सोपा आहे. दर वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट, म्हणजे सुमारे २०० मिली, तासाला ६०० मिली. सहा तासांना साडेतीन लिटरहून थोडं जास्त. उरलेलं उशीर झाला, कुणाची बाटली सांडली किंवा जखम धुवायची वेळ आली तर. साडेचार किलो वजन पहिल्या चढावर खांद्याला काचतं, आणि त्या काचाला घाबरून दोन लिटरवर निघणारे नवखेच नऊ वाजता दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे बघू लागतात.

नळीची पिशवी वापरत असाल तरी निम्मं पाणी बाटल्यांतच ठेवा. पिशवीत किती उरलं हे दिसत नाही आणि ती एकदम संपते. एक लिटरची एक बाटली रात्री पाऊण भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून पाणी भरा आणि टॉवेलात गुंडाळून पाठीच्या बाजूला टाका. नऊच्या सुमाराला ती नुकती वितळत आलेली असते, आणि त्या वेळी तिचं मोल कळतं.

नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि घामातून गेलेलं मीठ भरून निघालं नाही तर डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून एक लिटरमध्ये ओआरएस असू दे. पुडीवर लिहिलेल्या मापातच मिसळा. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली की ते पाणी फार दाट होतं, तहान वाढते आणि पोट बिघडू शकतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा.

खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, दोन काकड्या. ओल्या खोबऱ्याची चटणी, दही घातलेलं काहीही आणि बटाट्याची भाजी मेच्या उन्हात पिशवीत आंबते, ती नको. कोरडा चिवडा घशात अडकतो आणि पाणी पितो. दोन तासांनी एकदा पोटभर खाण्यापेक्षा तासाला चार घास बरे.

अंगावर आणि पाठीवर

पूर्ण बाह्यांचा सैल, पातळ शर्ट आणि पूर्ण पॅन्ट. जीन्स नको, घामाने मांड्या सोलवटतात. बूट खोल खाचांच्या तळव्याचे आणि आधी निदान चाळीस-पन्नास किलोमीटर वापरलेले असावेत. मोजे सुती नकोत, कारण ते ओले होऊन घडी पडते आणि घडीखाली फोड येतो. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. त्याच दिवशी कापली तर कडा बोचतात आणि वाढलेली ठेवली तर उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात.

टोपी रुंद काठाची आणि दोरीची, कारण खिंडीतला वारा साधी टोपी थेट दरीत नेतो. मानेसाठी पंचा. आणि एक वस्तू, जी नवखे हमखास विसरतात, ती म्हणजे छत्री. या धारेवर बसायला सावलीचं झाड क्वचित मिळतं. दहा मिनिटं थांबायचं तर छत्री उघडून तिच्याखाली बसणं हाच खरा विसावा. आभाळ गडगडायला लागलं की मात्र ती मिटून पिशवीत.

बाकी : डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, फोडांवरच्या पट्ट्या, जंतुनाशक, तुमची रोजची औषधं, पॉवर बँक, फोनमध्ये उतरवून घेतलेला वाटेचा नकाशा. एक हातकाठी. जुने सायकलचे हातमोजे असतील तर तेही घ्या, का ते पुढे येईल.

पहाट : बोगदा ते पहिल्या टेकड्या

स्वतःची गाडी कात्रजला लावू नका. संपता सिंहगडावर, आणि दमलेल्या अंगाने गाडीसाठी पुन्हा घाटात येणं जिवावर येतं. रात्रीच कॅब किंवा रिक्षा ठरवा आणि ‘नवा बोगदा नाही, जुना कात्रज घाट, बोगद्यापर्यंत’ हे दोनदा सांगा. चालक नकाशावरून हायवेच्या नव्या बोगद्याकडे वळला तर तुम्ही भलतीकडे उतराल.

पावणेपाचला बोगद्यापाशी, पाचला चालायला सुरुवात. बोगद्याच्या वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ आहे, तिथवर बॅटरीच्या उजेडात जा. देवळापाशी थांबून बुटाच्या नाड्या पुन्हा बांधा, माणसं मोजा, पाणी प्या. मे अखेरीला पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाचला पायाखालचं दिसू लागतं. म्हणजे अंधारातली चाल जेमतेम अर्ध्या तासाची.

दिशा ओळखणं सोपं आहे. उजव्या हाताला, उत्तरेला, पुण्याचे दिवे. डाव्या हाताला शिवापूरचं खोरं आणि सातारा रस्त्यावरच्या गाड्यांची रांग. समोर लांब सिंहगडावरच्या मनोऱ्यांचे लाल दिवे. दिवसा तेच मनोरे खूण म्हणून उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंची खोरी दिसत असतील तर तुम्ही धारेवर आहात. एकच बाजू बराच वेळ दिसत राहिली तर वाट सोडून पोटाला लागलात, मागे फिरा.

ही चाल कात्रजकडून सिंहगडाकडेच करावी, उलटी नाही, असं आमचं ठाम मत आहे. सकाळभर ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांत येत नाही, आणि शेवटी पाणी, ताक, सावली, गाडी हे सगळं हाताशी असतं. पाठीवरचं ऊन मान आणि कानांचे मागचे भाग भाजून काढतं एवढंच लक्षात ठेवा, पंचा त्यासाठीच.

पहिल्या दोन टेकड्यांवर अंग ताजं असतं आणि लोक धावतात. बोलताना धाप लागत नाही इतक्याच वेगाने चढा. ताशी अडीच किलोमीटर धरून चाललात तरी सहा तासांत रस्ता गाठता.

घसारा

या वाटेवरचे बहुतेक अपघात इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

टेकडीचा उतार जवळून पाहा. खाली पक्का, घट्ट खडक किंवा वाळून टणक झालेली माती. तिच्यावर बोटभर जाडीचा सुटा मुरूम, ज्वारीच्या दाण्यापासून सुपारीएवढा. पावसाळ्यात हेच दाणे ओलाव्याने एकमेकांना धरून असतात, मेमध्ये त्यांना धरायला काही नसतं. फरशीवर ज्वारी सांडून तिच्यावर पाय ठेवल्यासारखं होतं, पाय नाही सरकत, पायाखालचे दाणे फिरतात.

नवखा माणूस घाबरतो आणि उताराकडे पाठ झुकवतो. मागे झुकला की वजन टाचेवर येतं, टाच मुरमावरून सुटते आणि तो बसतोच, बहुधा तळहातावर. हातमोजे त्यासाठी. करायचं ते नेमकं उलटं. गुडघे वाकवा, कंबर थोडी खाली घ्या आणि अंग पुढे, इतकं की नाक बुटाच्या टोकावर येईल. अख्खा तळवा एकदम टेकवा. पाऊल अर्ध्या बुटाच्या लांबीचं, त्याहून मोठं नको. वाट सरळ खाली जात असली तरी पावलं तिरकी टाका, चार डावीकडे, चार उजवीकडे. खडकाचं रुतलेलं टोक दिसलं तर त्यावर पाय, नाहीतर वाळलेल्या गवताच्या बुडख्याच्या वरच्या बाजूला. गवत हाताने धरून लोंबकळू नका, मेमध्ये ते मुळासकट हातात येतं. काठी उताराच्या बाजूला, आधी काठी, मग पाय.

प्रत्येक मोठ्या उताराआधी अर्धा मिनिट थांबून घोट्यापाशी नाड्या आवळा म्हणजे बोटं पुढे आदळणार नाहीत. फारच तीव्र जागी बसून उतरायचं ठरलं तर पडायच्या आधी, स्वतःहून बसा. माणसामाणसांत दहा पावलांचं अंतर ठेवा आणि एकाच्या बरोबर खाली दुसरा नको. दगड सुटला की ‘दगड!’ म्हणून जोरात ओरडायचं, लाजायचं नाही. आणि पळायचं नाही. कोपऱ्यातून एखादा सराईत मुलगा धावत खाली जाताना दिसेल. त्याचे घोटे वर्षानुवर्षांचे आहेत.

वणवा गेलेल्या उतारावर जास्त जपा, तिथे गवताची मुळंही जळालेली असतात आणि राखेखालची माती पिठासारखी सरकते. वाटेत धूर दिसला तर वारा कुठून वाहतो ते पाहा आणि आगीच्या वरच्या बाजूला थांबू नका, आग चढावर धावते. सांगायची गरज पडू नये, पण काडी, सिगारेट, शेगडी यांतलं काहीही धारेवर पेटवायचं नाही. उचलायचा प्रत्येक दगड आधी काठीने हलवून पाहा, कारण अशा रुक्ष, दगडी उतारावर फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप, असू शकतं.

निम्मी वाट, आणि परत फिरण्याचा निर्णय

साडेआठला पाच-सहा टेकड्या मागे पडायला हव्यात. नऊ वाजता नकाशात निम्मं अंतर झालेलं नसेल, किंवा कुणाचंही पाणी वरच्या हिशोबापेक्षा जास्त संपलं असेल, तर धार सोडा. हा निर्णय सगळ्यांत सावकाश माणसाकडे बघून घ्यायचा आणि तो म्होरक्याने घ्यायचा, मतं मागायची नाहीत. दमलेला माणूस कधीच ‘मला जमत नाही’ म्हणत नाही.

उतरायचं कुठून? दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून. गुराख्यांच्या वाटा खिंडींतूनच आडव्या जातात. डावीकडे, दक्षिणेला, रहाटवडे-कोंढणपूरच्या बाजूची गावं आणि रस्ता आहे. मळलेली वाट दिसत असेल तिथूनच उतरा. ढोरवाट करवंदीच्या जाळीत जिरली तर पुन्हा वर या. आणि ओढ्याच्या घळीत कधीही शिरू नका. सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा आहे, म्हणून त्याचे उतार पायऱ्यांसारखे : थोडी सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी. पावसाळ्यात जिथे धबधबा कोसळतो तो कडा कोरड्या घळीतून वरून अजिबात दिसत नाही. लोक तिथे उतरतात, अडकतात, आणि जिथून उडी मारली तिथे परत चढता येत नाही.

उन्हाचा त्रास ओळखायला शिका. डोकं ठणकणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही पहिली सूचना. छत्रीखाली बसवा, बूट सैल करा, ओला पंचा मानेवर, ओआरएस घोटाघोटाने, निदान अर्धा तास. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, कातडी तापून चटका बसावा इतकी झाली, तर तो उष्माघात आहे. तिथे वाट बघायची नाही. अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला, काखेत आणि मानेला उरलेलं गार पाणी, आणि लगेच ११२ किंवा १०८ ला फोन. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आभाळ भरून आलं तर

वळीव बहुधा दुपारनंतर येतो, पण उशीर झालेल्यांना गाठतो. आधी फुलकोबीसारखे ढग भराभर उंच वाढतात, वारा पडतो, उकडतं आणि मग एकाएकी धूळ घेऊन गार वारा सुटतो. तो सुटला म्हणजे फार वेळ नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही आसपासच्या सगळ्यांत उंच जागी उभे आहात. माथा आणि धार सोडून उताराच्या बाजूला खाली या. विजेच्या मनोऱ्यांपासून, एकट्या झाडापासून आणि कड्याच्या ओठापासून लांब. काठ्या बाजूला टाका. एकमेकांपासून पंधरा-वीस मीटरवर, पाय जुळवून, उकिडवे बसा. आडवं पडू नका, जमिनीतून जाणारा प्रवाह आडव्या अंगातून जास्त जातो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच वर. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

शेवटच्या टेकड्या आणि रस्ता

सिंहगड जवळ दिसू लागला की सगळ्यांना वाटतं, आता आलंच. मनोरे स्पष्ट दिसतात आणि तरी दोन-तीन टेकड्या आणि त्यांच्यामधल्या खिंडी बाकी असतात. घोटे इथेच मुरगळतात, कारण नजर गडावर असते. या टप्प्यात दहा मिनिटं मुद्दाम बसा, उरलेलं खा, नाड्या बांधा. उजवीकडे खडकवासल्याचं पाणी, डावीकडे पुढे लांब राजगड आणि तोरणा. हे बघायचं ते बसून, चालताना नाही.

शेवटची टेकडी उतरली की घाटरस्ता लागतो. इथून गडावर जाणारी जीप मिळते. सगळे ठणठणीत असतील तर वर जाऊन पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि ताक घ्या. कुणी लंगडत असेल तर थेट खाली. पायथ्याहून पीएमपीची बस शहरात येते. डांबरावरून गडाच्या दारापर्यंत चालत जायचा हट्ट करू नका. अकराचं तापलेलं डांबर आणि वळणावरच्या गाड्या, दोन्ही दमलेल्या माणसासाठी वाईट.

घरी आल्यावर पाय गार पाण्यात ठेवा, पुढचे दोन-तीन तास थोडं थोडं पाणी पीत राहा, लघवीचा रंग फिकट होईपर्यंत. फोड आला असेल तर कातडी सोलू नका. मोज्यांत आणि पॅन्टच्या काठाला कुसळं भरलेली असतील. ती धुण्याआधी वेचून काढा, धुतल्यावर आणखी आत रुततात आणि पुढच्या वेळी पहिल्याच टेकडीवर टोचतात.